टिळ्याखालचा नंबर

निपाणीत महामार्गाच्या कडेला आप्पांचं गॅरेज आहे आणि त्याला लागूनच चहाची टपरी. आप्पा म्हणजे माझे वडील. आसपासचे सगळे मिस्त्री, ड्रायव्हर दिवसातून चारदा त्या टपरीवर बसतात. आप्पा मात्र कधीच तिथं जात नसत. चहा हवा असला की कुणाला तरी पाठवून मागवायचे आणि गॅरेजात टायरवर बसून एकटेच प्यायचे. मला वाटायचं, त्यांना गर्दी आवडत नसेल.

सहावीत असताना एकदा मीच चहा आणायला गेले. बाकावरच्या एकानं विचारलं, "कुणाची गं तू?" मी तोंड उघडायच्या आत टपरीवाले मामा म्हणाले, "इंजिनखाऊची हाय." सगळे हसले. बाकावरचा म्हणाला, "मग कपबशी मोजून दे बाबा. संध्याकाळपर्यंत कान गायब व्हायचा कपाचा."

मला काहीच कळलं नाही. घरी येऊन आईला विचारलं. ती विड्या वळत होती. तिचे हात थांबले. विडी वळताना तिचे हात थांबलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. ती म्हणाली, "आप्पांना हे सांगू नगंस." मग तिनं मला सगळं सांगितलं.

आप्पा चौथी शिकलेले. सोळाव्या वर्षी ते निपाणीतल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं गाड्यांच्या कामाला लागले. त्या शेटजींनी एक अमेरिकन गाडी घेतली होती. मुंबईत परदेशी वकिलातीतल्या कुणा साहेबानं बोटीनं आणलेली आणि जाताना विकलेली. दोन दारं, लांबलचक नाक, डाव्या हाताला स्टिअरिंग, आठ सिलिंडरचं इंजिन. अमेरिकेत अशा दांडग्या इंजिनाच्या गाड्यांना मसल कार म्हणतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. आप्पा तिला पैलवान म्हणायचे. "पैलवान आज खोकतोय," "पैलवानाला तेल पाजायला पायजे," असं. दहा वर्षं त्यांनी तिला सांभाळलं. मग इंजिन खोलायची वेळ आली. आप्पा ते बेळगावला घेऊन गेले, महिनाभर तिथल्या वर्कशॉपात राहून सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून नव्यानं कोरून आणले, परत बसवलं. गाडी झकास चालू झाली.

तोवर गाडी मुंबईच्याच नंबरावर होती. आता शेटजींनी तिची नोंद इकडं करायची ठरवलं. नोंदीसाठी गाडीवरचे नंबर लागतात, आणि ते नुसते लिहून देऊन चालत नाहीत. नंबरावर कागद धरायचा, वर पेन्सिल आडवी घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. त्याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. ती आप्पांनीच काढली. ती आर.टी.ओ.च्या ऑफिसात गेली आणि परत आली. बंदरावरच्या आयातीच्या कागदावर इंजिनाचा नंबर एक होता आणि आप्पांच्या प्रिंटमध्ये दुसराच.

म्हणजे इंजिन बदललेलं होतं. आणि ते गाडीतून बाहेर निघालं होतं एकदाच, आप्पांबरोबर.

शेटजींनी पोलिसात तक्रार केली नाही. आप्पांना फक्त म्हणाले, "मिस्त्री, माझं इंजिन कुठं गेलं?" गाडी वखारीत बंद झाली, आप्पांचं काम सुटलं आणि गावाला एक नाव मिळालं. याला पस्तीसच्या वर वर्षं झाली. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. मी शेंडेफळ.

मी आता बेळगावला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायला अजून धीर होत नाही. इंग्रजी पुस्तक वाचताना शेजारी शब्दकोश लागतो. हे सांगायचं कारण, पुढं जे झालं ते मी हुशार म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये.

गेल्या वर्षी शेटजी वारले. त्यांची एकच मुलगी, बेळगावात वकील. या वकीलबाईंनी वखार रिकामी करायला काढली. आईनं फोनवर सांगितलं, "पैलवान भंगारात चाललाय म्हणं. तोडून नेणार. आप्पा दोन दिस नीट जेवलं न्हाईत."

गाडी तुटली की इंजिनही तुटणार होतं. आप्पांनी ते खाल्लं की नाही, हे सांगू शकणारी जगात तेवढी एकच वस्तू होती.

मी फोनवर शोधायला लागले. काय शोधायचं हेही माहीत नव्हतं. 'जुन्या अमेरिकन गाडीच्या इंजिनाचा नंबर' एवढंच टाकलं, आणि माझ्यासमोर एक अख्खं जग उघडलं. तिकडं अमेरिकेत म्हातारी माणसं वर्षानुवर्षं एकेका गाडीमागं लागलेली आहेत. एकेका बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणेचा फोटो काढून लिहितात, ही खूण अमुक कारखान्याची. गाडीच्या अंगावर कुठं खडूची रेघ सापडली तर ती धुवत नाहीत, ती ओढणाऱ्या कामगाराचा हात शोधतात. जत्रेत हरवलेल्या पोराच्या अंगावरचा तीळ आई ओळखते, तसं वाटलं मला ते.

तिथंच ते सापडलं. मी ते तीनदा वाचलं, शब्दकोश घेऊन चौथ्यांदा वाचलं. या इंजिनांवर नंबर दोन तऱ्हेचे असतात. एक मागच्या बाजूला, उठावाचा, मोठा. तो साच्यातच असतो. आमच्याकडं विटेवर भट्टीवाल्याची अक्षरं असतात ना, तसा. त्या साच्यातून जेवढी इंजिनं ओतली, त्या सगळ्यांवर तोच. दुसरा खरा नंबर, ज्या त्या इंजिनाचा, पुढच्या बाजूला उजवीकडं एका लहानशा सपाट पट्टीवर पंचानं ठोकलेला. बारीक आणि खोलगट.

पेन्सिल प्रिंट कशाची चांगली उमटते? उठावाच्या नंबराची.

मी आईला फोन लावून विचारलं, आप्पांनी प्रिंट कुठून घेतली होती. तिनं फोन आप्पांना दिला. ते म्हणाले, "मागनं. ठसठशीत नंबर हुता. पोरानं वाचावा असा. का गं?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून वकीलबाईंच्या ऑफिसात गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बाहेरच्या कारकुनानं कन्नडमध्ये "कूडरी", म्हणजे बसा, म्हणत बाक दाखवला. तासभर बसले. आत गेले आणि पहिलंच वाक्य विसरले.

"मी निपाणीची, मॅडम. मिस्त्रींची मुलगी."

"कुठल्या मिस्त्रींची?"

दुसरी ओळख मला सुचली नाही. "तुमचं इंजिन खाल्लं म्हणतात, त्यांची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी फोनवरचे तसल्या इंजिनांचे फोटो दाखवले, मागचा साच्याचा नंबर, पुढचा ठोकलेला नंबर. त्या एकेक फोटो मोठा करून पाहत गेल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "माझे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, माणूस चोर वाटत नव्हता. पण कागद वेगळं सांगत होता." मग डायरी उघडली. "भंगारवाला शनिवारी येतोय. शुक्रवारी मला कोर्ट आहे."

मी उठायला लागले.

"बस. शुक्रवारी सकाळी सातला वखारीत ये. दहाच्या आत मला परतायचंय. आयातीचा कागद मी आणते. आणि वडिलांना घेऊन ये."

गुरुवारी संध्याकाळी घरी गेले, तर आप्पा ऐकेनात. "त्या दारात मी पाय ठिवायचा न्हाय."

"आप्पा, तो मागचा नंबर साच्याचा हाय. तसल्या हजारो इंजिनांवर तोच असतो."

"आणि खरा कुठं हाय? दहा वर्षं ते इंजिन माझ्या हातात हुतं. दुसरा नंबर असता तर मला दिसला नसता व्हय?"

तेव्हा आई म्हणाली, "पोरगी वकीलबाईच्या दारात एकटी जाऊन बोलून आली. शाळेत नाव विचारलं तरी रडायची ही. तुम्हाला नुसतं चालत जायचं हाय."

सकाळी आप्पा धुतलेला शर्ट घालून निघाले. पिशवीत रॉकेलची बाटली, चिंध्या, कोरा कागद आणि पेन्सिल.

मी ती गाडी तोवर पाहिली नव्हती. वखारीत तंबाखूचा वास इतका दाट, की डोळ्यांना लागत होता. वरच्या कौलातल्या काचेतून उजेडाचा एक पट्टा खाली आला होता, त्यात ती उभी होती. टायर बसलेले, वर बोटभर धूळ. तरी ती मोडकी वाटत नव्हती. झोपलेली वाटत होती. फोनवर मी अशा शेकडो गाड्या पाहिल्या होत्या, पण एवढ्या लोखंडासमोर उभं राहिल्यावर मला माझा आवाज लहान करावासा वाटला. आप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. वकीलबाई दाराशी उभ्या होत्या. "या, मिस्त्री," एवढंच म्हणाल्या.

बॉनेट उघडलं. आप्पांनी आधी मागचा नंबर दाखवला. खरंच ठसठशीत होता. मग मी टॉर्च पुढच्या बाजूला नेली. फोटोत जिथं सपाट पट्टी होती, तिथं इथं एक काळपट तांबडा गोळा होता, वाळलेल्या लाखेसारखा घट्ट. मी नखानं टोकरायला गेले, तर आप्पांनी माझा हात धरला.

"तिथं न्हाय गं. तो टिळा हाय."

दर खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची. अख्ख्या इंजिनात टिळा लावायला सपाट जागा तेवढी एकच. तेलात शेंदूर कालवून दर वर्षी तिथंच लावायचा, गेल्या सालच्यावर यंदाचा. बेळगावच्या वर्कशॉपात बाकीचं इंजिन रॉकेलनं धुतलं, तेव्हासुद्धा आप्पांनी तिथल्या पोरांना बजावलं होतं, "देवाची जागा हाय, तेवढी पुसू नका रं."

हे सांगता सांगता ते थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या शेंदराकडं.

"आई गं," ते म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. मग चिंधी रॉकेलमध्ये भिजवून त्या गोळ्यावर धरून ठेवली. लोखंडी काही वापरलं नाही. बांबूची एक कामटी तासून घेतली आणि थर हळूहळू उचलायला लागले. वरचा काळा, खालचा तांबडा, त्याखाली आणखी एक. वकीलबाई कधी जवळ आल्या मला कळलं नाही. "यातला एखादा माझ्या हातचा असेल," त्या म्हणाल्या. "लहानपणी आई मला उचलून धरायची, टिळा लावायला."

शेवटचा थर निघाला आणि खाली चकचकीत लोखंड दिसलं. वखारीतल्या सगळ्या लोखंडावर गंज होता, पण तिथं ठिपकासुद्धा नव्हता. इतकी वर्षं त्या तेलानंच ते झाकून ठेवलं होतं. आकडे इतके बारीक होते, की टॉर्च तिरपी धरल्यावरच दिसायचे. आप्पांनी कागद ठेवला. तो मी धरला. पेन्सिल आडवी फिरत गेली, आणि करड्या रंगात एकेक पांढरा आकडा वर येत गेला. सात समुद्रापलीकडच्या कुणी तरी, आप्पा लहान पोर असताना, हातोडी उचलून हे ठोकलं होतं. ते आज निपाणीत एका शाळकरी पेन्सिलीखाली उमटत होतं.

आप्पा कागद उजेडात धरून म्हणाले, "ठोकणारा डावरा हुता."

"कशावरून?"

"सगळे आकडे एकाच अंगाला कललेत बघ. आणि ही कड खोल गेलीया. तीन मात्र दोनदा ठोकलाय. पहिल्यांदा हात निसटला असंल बिचाऱ्याचा."

मी एवढं वाचून आले होते, पण हे कुठंच वाचलं नव्हतं.

वकीलबाईंनी आयातीचा कागद उघडला आणि एकेक आकडा वाचायला लागल्या. आप्पा प्रिंटवर बोट ठेवून "व्हय" म्हणत गेले. प्रत्येक आकड्याला व्हय. शेवटच्या आकड्याला नुसती मान हलली.

मला वाटलं, झालं. पण वकीलबाई कागदाची घडी घालत म्हणाल्या, "मिस्त्री, मी मानते. पण उद्या कुणी म्हणेल, यांच्याकडे पंच होते, आयातीच्या कागदावरचा नंबर यांना माहीत होता. दुसऱ्या इंजिनावर ठोकला आणि वर शेंदूर थापला. मग मी काय सांगू?"

आप्पांचा चेहरा उतरला. "व्हय," ते म्हणाले. "म्हणंल की."

प्रिंटमध्ये आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं होती, एच आणि के. ती आयातीच्या कागदावर नव्हती. तिथं फक्त आकडे होते. मला ते लोक आठवले, खडूची रेघ जपणारे. त्यांनी लिहिलं होतं, गाडी जोडताना तिच्यात काय काय घालायचं याचा एक कागद कारखान्यात तिच्याबरोबर फिरायचा, आणि काम संपल्यावर कामगार कधी कधी तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचे. सापडतोच असं नाही. मी घाबरत म्हटलं, "आप्पा, मागची सीट कधी काढलीती?"

"कधीच न्हाय. मागं कोण बसायचं हिच्यात."

त्यांनी गुडघ्यानं सीट मागं रेटून वर उचलली आणि उलटी केली. स्प्रिंगांच्या मधे, काथ्यात अडकलेला, एक तपकिरी कागद होता. तंबाखूच्या वखारीत उंदीर टिकत नाही म्हणतात. कुणीही त्याला तोंड लावलं नव्हतं. मी काथ्याचा एकेक धागा बाजूला करत तो सोडवला. कागदभर लहान लहान चौकोन, त्यांत टाइप केलेले आकडे. एका कोपऱ्यात चहाच्या कपासारखा गोल डाग. वर गाडीचा नंबर होता. पुढच्या काचेखाली पत्र्यावर जो आहे तोच, मी धावत जाऊन पाहून आले. आणि इंजिनाच्या चौकोनात दोन अक्षरं होती. एच, के.

वकीलबाईंनी ती स्वतः वाचली. मग प्रिंट वाचली. मग पुन्हा तो कागद. "ही अक्षरं यांना कळायला काही मार्गच नव्हता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

आप्पा सीटच्या कडेला बसले होते. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते म्हणाले, "म्हणजे चूक माझीच. प्रिंट मीच काढलीती. टिळा पण मीच पुसू दिला न्हाय."

"चूक," वकीलबाई म्हणाल्या. "आम्ही चोरी म्हणालो होतो." मग त्या म्हणाल्या, "मी लिहून देते तुम्हाला. सही-शिक्क्यासकट."

आप्पांनी मान हलवली. "कागद नगं बाईसाहेब. कागदानंच तर घोळ केला. येळ असंल तर माझ्यासंगं एक चहा घ्या. गॅरेजात न्हाय. टपरीवर."

साडेआठला टपरी भरलेली असते. वकीलबाई काळ्या कोटात त्या बाकावर बसल्या तेव्हा बाजूच्यांनी सरकून जागा केली. मामांनी कप दोनदा धुतला. वकीलबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमचं इंजिन मिस्त्रींनी खाल्लं नव्हतं. ते गाडीतच होतं. आम्हालाच दिसलं नाही."

मग मामांनीच विचारलं, "मग आता गाडी भंगारात?"

"छे. मिस्त्री चालू करणार आहेत."

बाकाच्या टोकाचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे खायचं राहिलं हुतं, ते आता खाणार."

मी चटकन आप्पांकडं पाहिलं. पण पहिले हसले ते आप्पाच. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मग टपरी हसायला लागली. मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि कपात आणखी चहा ओतला. तो आप्पांनी तिथंच, बाकावर बसून प्यायला.

टपरीवर जायच्या आधी, वखारीतून निघताना आप्पांनी एक गोष्ट केली होती, ती सांगायची राहिली. भिंतीवरच्या गणपतीपुढच्या शेंदराच्या वाटीत त्यांनी बोट बुडवलं आणि इंजिनाला नवा टिळा लावला. पट्टीच्या बाजूला, चार बोटं सोडून. मग वाकून नंबर दिसतोय ना ते पाहिलं, आणि बॉनेट खाली घेतलं.